दारामागची पिशवी

बौद्ध घरांतले लग्न-मयताचे विधी लावणारा गृहस्थ म्हणजे बौद्धाचार्य. त्याच्या घरात दारामागच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असते. पोरांना तिला हात लावायची बंदी. आत इस्त्री केलेला पांढरा सदरा-लेंगा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला. खाकी कव्हर घातलेली वंदनेची पातळ पुस्तिका. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या वहीएवढ्या दोन लॅमिनेट केलेल्या प्रतिमा, कारण ज्या घरी जायचं तिथल्या तसबिरी भिंतीत खिळ्यांनी पक्क्या केलेल्या असतात आणि घाईत काढायला गेलं की काच फुटते. मेणबत्त्यांचं पाकीट, अगरबत्ती, काडेपेटी दुहेरी पिशवीत (पावसाळ्यात सादळते), पांढऱ्या सुताची गुंडी, छोटी कात्री, कार्बन घातलेलं पावतीपुस्तक, दोन बॉलपेनं आणि एक जुना चष्मा. रात्री दोनला फोन आला तर दिवा न लावता, कुणाला न उठवता ही पिशवी काढता आली पाहिजे, म्हणून ती दारामागे.

असा माणूस गेला की आठवणीच्या सभेत दोन वाक्यं हमखास बोलली जातात. ‘त्यांनी समाजाची सेवा केली’ हे पहिलं. ‘संसारही नेटका केला’ हे दुसरं, जरा घाईत, उरलेलं आटोपल्यासारखं. ऐकणाऱ्याला वाटावं की ही दोन निरनिराळी खाती आहेत, एकात जमा झालं की दुसऱ्यातून वजा होणारी. मला ते पटत नाही. बौद्धाचार्याचं सगळं काम त्याच्या संसारी असण्यावर उभं आहे. वंदनेत रोज म्हटल्या जाणाऱ्या महामंगल सुत्तातल्या ३८ मंगलांमध्ये ‘पुत्तदारस्स संगहो’ हे एक आहे: बायकापोरांचा सांभाळ. ते ‘मातापितु उपट्ठानं’च्या, म्हणजे आईवडिलांच्या सेवेच्या, लगेच पुढे येतं.

मुळात हा माणूस लागला कशाला? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी एका दिवसात धम्म स्वीकारला. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली सहावी श्राद्ध आणि पिंडदान बंद करते, आठवी ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेणं बंद करते. पण लग्नं थांबत नाहीत, बारशी थांबत नाहीत, मरण तर नाहीच नाही. भिक्खू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सात आठवड्यांत बाबासाहेबही गेले. गावोगावच्या वाड्यांत मयत पडलं तर चार शब्द कोण म्हणणार, हा प्रश्न अगदी रोकडा होता. ४ मे १९५५ ला स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेनं पुढे बाबासाहेबांचे चिरंजीव भैय्यासाहेब आंबेडकर यांच्या काळात या कामासाठी गृहस्थांचीच फळी उभी केली. गिरणीतला जॉबर, रेल्वेचा खलाशी, टपालातला माणूस, जिल्हा परिषदेचा शिक्षक असे हे लोक. दहा दिवस श्रामणेर शिबिरात राहायचं, डोकं भादरायचं, चीवर नेसायचं, दुपारी बारानंतर जेवायचं नाही. अकराव्या दिवशी चीवर उतरवून घरी यायचं आणि सोमवारी कामावर हजर. डोक्यावरचे खुंट बघून साहेब विचारतो, घरात काही झालं का.

त्याला समुपदेशक असं कुणी म्हणत नाही. लोक म्हणतात, ‘आचार्यांना विचारून बघू.’ त्यात सगळं आलं.

फोन बहुतेक रात्रीच येतो, आणि जाणता बौद्धाचार्य पहिला प्रश्न विचारतो तो ‘कधी गेले’ हा नव्हे. ‘डॉक्टर येऊन गेले का?’ हा. कारण माणूस घरी गेला असेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरनंच द्यावा लागतो. हॉस्पिटलात गेला तर नमुना ४, घरी गेला तर नमुना ४-अ. त्या कागदाशिवाय स्मशानातला कारकून नोंद करत नाही, आणि वीस माणसं तिरडी खाली ठेवून ताटकळत उभी राहतात. नेहमीचा डॉक्टर गावाला गेलेला असतो, दुसरा म्हणतो, मी पेशंट कधी पाहिलाच नाही, सही कशी करू. त्याचंही बरोबरच असतं. म्हणून निघायच्या आधी फोनवरच दोन कामं वाटून द्यायची: एकानं डॉक्टर गाठायचा, एकानं मयताचं आधार कार्ड शोधायचं. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतं का ते तिथंच बघायचं. एक वेलांटी चुकली की पुढे विम्याला, पेन्शनला, बँकेला विधवेच्या चपला झिजतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, हे सांगायचं तर तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

घरात शिरल्यावर पंखा बंद. उन्हाळ्यात लोक कुरकुरतात, पण पंख्याखाली मेणबत्ती टिकत नाही, आणि मयताच्या उशाशी मेणबत्ती विझली की कुठल्या तरी आत्याच्या मनात अपशकुनाची पाल चुकचुकते. पंखा बंद करता येत नसेल तर मेणबत्ती काचेच्या ग्लासात, तळाला थोडी वाळू घालून. मग तसबिरी पांढऱ्या कापडावर, आणि पुढचा प्रश्न: मेणबत्ती लावणार कोण?

इथं खरं काम सुरू होतं. गावाकडून आलेल्या चारदोन म्हाताऱ्या बाया तोवर विधवेभोवती बसलेल्या असतात. धर्म बदलून साठ-सत्तर वर्षं झाली तरी हाताला जुनी सवय असते. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला हात आपोआप पुढे होतात. त्या वेळी बावीस प्रतिज्ञांवर प्रवचन दिलं तर दहा माणसं दहा तोंडांनी बोलतात आणि मयत राहतं बाजूला. मुरलेला आचार्य काही बोलतच नाही. तो पेटती मेणबत्ती त्या बाईच्या हातात देतो. ‘वहिनी, दादांसाठी पहिली मेणबत्ती तुम्ही लावायची.’ दोन्ही हातांनी ज्योत सांभाळत असलेल्या बाईच्या बांगड्यांना कुणी हात घालत नाही. मेण हातावर सांडेल म्हणून शेजारची बाईही मागे सरते. तेवढ्यात आचार्यानं ‘नमो तस्स’ सुरू केलेलं असतं आणि सगळे हात जोडलेले असतात. वेळ टळते. या युक्तीला पुस्तकात जागा नाही, एक आचार्य दुसऱ्याला चहा पिताना सांगतो.

त्रिसरण, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याच्या ओळी, संथ म्हणायचं असतं. बौद्धाचार्य एक ओळ म्हणतो, मागून घरचे म्हणतात. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ पहिल्यांदा म्हणताना मुलाचा आवाज फुटतो, बहुतेक ‘गच्छामि’वरच. तिथं थांबायचं नाही, ओळ परत घ्यायची नाही, पुढे जायचं. ‘दुतियम्पि’ला तो नुसते ओठ हलवतो. ‘ततियम्पि’ला आवाज येतो. तीन वेळा म्हणायची रीत अडीच हजार वर्षांपूर्वी कशासाठी पडली ते विद्वान सांगतील. मयताच्या घरी तिचा उपयोग हा असा आहे. घाई करणारे आचार्य तीन मिनिटांत उरकतात आणि पोरगा फुटलेल्या आवाजावरच अडकून राहतो. पंचशीलात लोक आणखी एका जागी ठेचकाळतात. ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ हा दारू-नशा टाळायच्या पाचव्या शीलातला शब्द एका दमात जात नाही, मध्येच भलतीकडे तुटतो, आणि मागच्या रांगेतल्या ज्यांना तो सर्वांत जास्त लागू आहे ते तिथं खोकतात. सांगणाऱ्यानंच तो ‘सुरा-मेरय-मज्ज, पमादट्ठाना’ असा दोन तुकड्यांत द्यावा.

स्मशानात फार काही नाही. मडकं फोडायचं नाही, पाठीमागे वळून बघायचं की नाही याला अर्थ नाही. ‘अनिच्चा वत संखारा’, म्हणजे घडलेलं सगळं अनित्य आहे, ही गाथा म्हणायची, अग्नी द्यायचा. मुलीनं द्यायचा असेल तर आचार्यानं तिच्या शेजारी उभं राहायचं, म्हणजे ‘पोरीनं कसं’ हा प्रश्न त्याच्याकडे बघून गिळला जातो. अस्थी नदीकाठी न नेता झाडाच्या मुळाशी ठेवणं आता बऱ्याच ठिकाणी रुळलं आहे. त्यात एकच काळजी घ्यायची: राख थेट कोवळ्या रोपाच्या बुंध्याला घालू नये, रोप जळतं. खड्डा खोल घ्यावा, राख तळाला, वर वीतभर माती, मग रोप. आईच्या नावानं लावलेलं झाड पंधरा दिवसांत वाळलं की घरच्यांना ते दुसरं मरण वाटतं.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे दिवंगताच्या नावानं होणाऱ्या कार्यक्रमाचा, दिवस ठरवताना वाद ठरलेला. तेरावा पाळायचा नाही हे सगळ्यांना मान्य, पण मुंबईतल्या नातलगांना सुट्टी रविवारी, आणि नेमका रविवार तेराव्या दिवशी येतो. ‘म्हणजे आपण तेरावंच घालतोय की!’ तरुण मंडळी उसळतात. शहाणा आचार्य कॅलेंडर उघडून दाखवतो आणि म्हणतो, हा रविवार आहे. बस्स. ‘जलदानविधी’ या नावावरही अशीच खडाजंगी होते. ताटलीतल्या पेल्यात पाणी ओतत ‘उन्नमे उदकं वट्टं, यथा निन्नं पवत्तति’ म्हणायचं, उंचावरचं पाणी सखलाकडं वाहतं तसं आपलं पुण्य दिवंगतांना पोहोचो. काहींना त्यात तर्पणाचा वास येतो. आत्मा नाही तर पोहोचणार कुणाला, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. दुसरी बाजू म्हणते, पाणी घरचे ओततात, सगळ्यांचा हात एका तांब्याला लागतो, भाऊभाऊ वर्षानं एकमेकांशेजारी बसतात. महाराष्ट्रात दोन्ही पद्धती चालू आहेत. मला विचाराल तर, ज्या घरात भावांमध्ये बोलणं बंद आहे तिथं तांब्या आणावा.

फलक मात्र आधी वाचून घ्यावा. छापणारा सवयीनं ‘कै.’ लावतो आणि खाली ‘आत्म्यास शांती लाभो’ असं टाकतो. कैलास नाही, आत्मा नाही. तिथं ‘कालकथित’ हवं आणि ‘विनम्र आदरांजली’. छापून आल्यावर कळलं तर पांढरी पट्टी चिकटवण्याखेरीज हातात काही उरत नाही, आणि ती पट्टी सगळ्या फोटोंमध्ये दिसते.

पण सगळ्यात अवघड गोष्ट जेवणाची. वडील आजारात गेले, दवाखान्यानं घर धुऊन नेलं, आणि आता तीनशे माणसांचं जेवण घालायचं म्हणून पोरगा सावकाराकडे किंवा पतपेढीत जायला निघालेला. इथं आचार्यानं सिगालोवाद सुत्त काढायचं. बुद्धानं त्या सिगाल नावाच्या गृहस्थाच्या पोराला पैशाचा हिशेबच सांगितला आहे. ‘एकेन भोगे भुंजेय्य, द्वीहि कम्मं पयोजये, चतुत्थं च निधापेय्य, आपदासु भविस्सति’: कमाईचे चार वाटे करावे, एक खाण्यापिण्याला, दोन धंद्याला, चौथा अडीअडचणीला ठेवून द्यावा. यात उसनवारीच्या जेवणावळीचा वाटा कुठं आहे, असं विचारलं की पोरगा गप्प होतो, पण काका गप्प होत नाहीत. लोक काय म्हणतील, हा काकांचा मुद्दा. त्यावर सुत्त चालत नाही. त्यावर चालतो तो आचार्यानं स्वतःच्या घरी घालून दिलेला पायंडा. ‘माझ्या आईच्या वेळी चहा-बिस्किटं होती, तुम्हीच होता की’ एवढं म्हणता आलं तर काका बसतात. ज्या आचार्यानं आपल्या घरी मांडव घातला त्यानं हा सल्ला देऊच नये.

लग्नाचं सविस्तर सांगत नाही, त्यात नासण्यासारखं फार नाही. बाबासाहेबांनी एका पत्रात विधी चार ओळींत सांगून ठेवला आहे: होम नाही, सप्तपदी नाही, वधूवरांच्या मधे पाटावर नवं मातीचं मडकं पाण्यानं काठोकाठ भरलेलं, त्यात सोडलेल्या सुताची दोन टोकं दोघांच्या हातात, पांढरी वस्त्रं आणि कुणीतरी मंगलसुत्त म्हणायचं. नवं मडकं आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवावं, नाहीतर ते पाझरतं आणि स्टेजवरची चादर नवऱ्यामुलाच्या बुटाखाली ओली होते. पहिल्याच बैठकीत दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले बघून वय मोजावं, २१ आणि १८. नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांबरोबर विधी लावणाऱ्याचीही सही लागते, आणि पोरगी सतरा वर्षं दहा महिन्यांची निघाली तर ती सही आचार्याला भोवते. एरवी बँडवाला उशीर करतो, तेवढंच.

मयताला वस्ती लोटते, लग्नाला वस्ती लोटते. तिसऱ्या महिन्यात कुणी येत नाही. चुलत्यांची कामं सुरू झालेली, फोटोवरचा हार वाळलेला, आणि बाई संध्याकाळी सहा वाजता दोन माणसांचा चहा टाकते आणि मग पातेल्याकडे बघत बसते. चांगल्या आचार्याच्या डायरीत मयताची तारीख असते आणि तिच्यापुढं आणखी तीन तारखा लिहिलेल्या असतात: महिना, तीन महिने, वर्ष. त्या दिवशी तो ‘इकडून चाललो होतो’ म्हणून जातो. पिशवी नेत नाही. बायकोला बरोबर नेतो. बाई एकटी असेल त्या घरी परक्या पुरुषानं तासभर बसणं वस्तीत चालत नाही, आणि खरं बोलणं तसंही दोन बायकांतच स्वयंपाकघरात होतं. तो बाहेर बसून पोराच्या अभ्यासाचं विचारतो.

किसा गोतमीची मोहरी सगळ्या बौद्धाचार्यांना पाठ असते. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी आई, आणि ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण म्हणणारा बुद्ध. ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायची नसते. ज्या आईचं लेकरू आत्ता गेलं तिला त्यातून एवढंच ऐकू येतं की पोरं सगळ्यांचीच मरतात, तू काय जगावेगळी आहेस. आणि गोष्टीतही बुद्धानं तिला आधी मरणाचा नियम सांगितलेला नाही. त्यानं तिला दारोदार पाठवलं, प्रत्येक उंबऱ्यावर ती थांबली, प्रत्येक घरातल्या बाईनं आपलं कोण गेलं ते तिला सांगितलं. ती सबंध दुपार काढून नुसता शेवट सांगितला तर गोष्ट दुष्ट होते. म्हणून बोलण्याआधी चालू द्यावं. ज्या बाईचा मुलगा गेला तिच्याकडे मुलगा गेलेली दुसरी बाई न्यावी, दोघींना भाजी निवडायला बसवावं आणि उठून यावं.

दारूचं काम याहून चिवट. मयतात, लग्नात पाचवं शील सगळेच म्हणतात, त्यानं कुणाची सुटत नाही. संध्याकाळी प्यालेल्या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. बायको कितीही गळ घालत असली तरी त्या वेळी जायचं नाही. सकाळी सहाला जायचं, पहिल्या घोटाच्या आत. तेव्हा त्याला लाज असते आणि डोकं जाग्यावर असतं. आयुष्यभराचं शील द्यायचं नाही, आजच्या दिवसाचं द्यायचं, उद्या परत जायचं. मात्र रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणारा वर्षानुवर्षांचा गडी असेल तर ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नये. एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होणं, भिंतीवर किडे दिसणं असं होऊ शकतं, त्यात माणूस जाऊही शकतो. त्याला आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, औषधाखाली सोडवायची, मग शील. श्रद्धेच्या भरात हे न कळलेले आचार्यही होते. घरच्यांना वाटलं दारू सोडल्यामुळे माणूस गेला, आणि वस्तीतले चार पिणारे त्यावर अजून पितात. कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली तर ती धमकी समजायची नाही. त्या रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर लावून द्यायचा, मराठीत बोलतात.

नवराबायकोच्या भांडणात दोन्हीकडची दहा-दहा माणसं एका खोलीत बसवली की निकाल आधीच लागलेला असतो, कारण तिथं ज्याच्या आत्याचा आवाज मोठा त्याचं खरं. वेगवेगळं ऐकावं, सुनेचं ऐकायला महिला शाखेतली उपासिका असावी. सिगालोवादात नवऱ्याची पाच कर्तव्यं आधी येतात, बायकोची नंतर: मान द्यावा, अपमान करू नये, दुसरीकडे जाऊ नये, घरचा कारभार तिच्या हाती सोपवावा, दागिना करावा. बैठकीत ही याच क्रमानं वाचावी. नवऱ्याकडच्यांना वाटत असतं आचार्य सुनेला समजावायला आलेत. चौथ्या कर्तव्याशी सासूचा चेहरा बघण्यासारखा होतो. मारहाण असेल तर मात्र समजूत नाही. तिथं २००५ च्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी आहे, त्याच्याकडे घेऊन जायचं. आणि स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून त्यावर पंच म्हणून आचार्याची सही घ्यायची जी रूढी आहे, तिला साफ नकार. बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे, घटस्फोट कोर्टातच होतो, दोघं राजी असली तरी. त्या कागदावर विसंबून पोरीचं दुसरं लग्न लावलं की दुसरं लग्नच बेकायदा ठरतं, आणि ते लावायलाही बहुधा हाच आचार्य उभा असतो.

हे सगळं तो करतो ते रविवारी आणि रात्री. त्याची किंमत घर मोजतं. शाळांना सुट्टी म्हणून लग्नं मे महिन्यात, म्हणजे त्याच्या पोरांना मे महिन्यात बाप नाही. पोरांची आजोळची तिकिटं आईनं काढायची, गाडीत आईनं बसवायचं, तो मागून येतो म्हणतो आणि शाळा उघडायला दोन दिवस उरले की येतो. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, म्हणजे रात्रीचं जेवण साडेनऊला. पांढरे कपडे तिनं नीळ घालून धुवायचे. मेणाचे डाग धुऊन जात नाहीत, वर्तमानपत्राचा कागद ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की कागद मेण पिऊन घेतो, हे तिला पाठ. स्मशानातून आल्यावर तो आंघोळ करतो विटाळ म्हणून नव्हे, घाम आणि धूर म्हणून. हे सासूला समजावायचं कामही तिचंच.

पाकिटं घरात येत नाहीत. लोक आग्रहानं देतात, लग्नात पाचशेची नोटही घालतात. ते धम्मदान, त्याची तिथल्या तिथं पावती फाडायची, पैसे शाखेत. घरात तेलाचा डबा संपलेला असताना बायकोच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांचे अडीच हजार कपाटात मोजून ठेवायचे आणि सोमवारी भरायचे, यात संसाराचा कस लागतो तेवढा कशात लागत नसेल. काही जण इथंच घसरतात. सुरुवात प्रवासखर्चापासून होते.

आणि त्याचा स्वतःचा मुलगा विहारात येत नाही. हे फार घरांत घडतं, कुणी बोलत नाही. लोकांच्या पोरांना समजावणाऱ्या बापाकडे आपल्या पोरासाठी रविवार नव्हता, आणि पोरानं ते लक्षात ठेवलेलं असतं. शहाणा बाप यावर सुत्त काढत नाही. तो एक लग्न दुसऱ्या आचार्याला देतो आणि पोराबरोबर क्रिकेट बघत बसतो, निम्म्या वेळा झोपतो. पण बसतो. ‘संगहो’ या पाली शब्दात धरून ठेवणं आहे, जवळ करणं आहे. नुसतं पोसणं नाही.

मग एक दिवस त्याच्याच घरी पांढरं कापड अंथरलं जातं. डॉक्टर येऊन गेले का, हा प्रश्न या वेळी दुसरा कुणी विचारतो. विधी लावायला येतो तो त्यानंच शिकवलेला तरुण, कुठल्या तरी कंपनीत शिफ्टला असणारा. त्याच्या हातात पुस्तिका असते, पण डोळ्यांत पाणी आल्यावर पुस्तिका वाचता येत नाही. नेमकं ‘उप्पज्जित्वा निरुज्झन्ति’पाशी तो अडखळतो. तीस वर्षं भिंतीपलीकडून, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्याच्या बायकोनं हे ऐकलेलं असतं; पुढची ओळ तीच म्हणते, बसल्या जागेवरून, साध्या आवाजात. ‘तेसं वूपसमो सुखो.’ तरुण तिच्या मागून म्हणतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी शाखेचे दोघे येतात. चहा होतो. ती दारामागून पिशवी काढते. सदरा-लेंगा कुणाला होत असेल तर द्यायचा, प्रतिमा त्या तरुणाला. पावतीपुस्तक परत घेताना वापरलेल्या आणि कोऱ्या पावत्या मोजाव्या लागतात, तसा नियमच आहे, दोघांना ते अवघड वाटतं आणि ते राहू दे म्हणतात. ती म्हणते, मोजा. मोजतात. शेवटच्या स्थळप्रतीवर आकडा असतो पाचशे एक, आणि ते पैसे अजून कपाटात असतात, रबरबँड लावून, वर तारखेची चिठ्ठी.